नुसतं वाचायची फ्लॉपी

टेबलाचा खण आवरताना दोन फ्लॉप्या सापडल्या. जुन्या प्लॅस्टिकच्या वासाने महाडच्या घरी याच टेबलावर असलेला आमचा सेकंडहँड कॉम्प्युटर आठवला.

मला इंटरनेटवरचे न्यूजग्रुप, म्हणजे लोकांच्या लेखी चर्चा, वाचायचे होते. दादाने दोन फ्लॉप्यांवर फुकटातले दोन प्रोग्रॅम आणून दिले.

"हा हलका हाय, पण नुसता वाचायचा. दुसऱ्यात उत्तरंही लिहिता येतात, पण आपल्या डबड्यावर तो रडतखडत चालेल."

"मला कुठे लिहायचंय?"

"तुला तोंडच नाय गो, तुला हाच बरा!"

मी हलकाच निवडला.

त्या पावसाळ्यात आखातातल्या कुणीतरी कोकणच्या ग्रुपवर इंग्रजीत विचारलं, 'महाडचं कुणी आहे का? दासगावला आईचा फोन चार दिवस लागत नाही.' दासगावहून एसटीने येणाऱ्यांकडून मला कळलं होतं, की तिथे फक्त तारा तुटल्यात, माणसं सुखरूप आहेत. तो प्रश्न मी रोज उघडून पाहायची. खाली कुणाचंच उत्तर नसायचं.

आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहायची सोयच नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले.

दुसरी फ्लॉपी तेव्हाही याच खणात होती.