अप्पाजीची लंकेतली शर्यत

आमच्या कुंभकोणमच्या लोकांना हरलेला माणूस फार आवडतो. जिंकलेल्याला हार घालतात आणि चार दिवसांत विसरतात. हरलेल्याला मात्र असं घट्ट धरून ठेवतात की त्या बिचाऱ्याला सुटका नाही. अप्पाजीला त्यांनी एका महामहमपासून दुसऱ्या महामहमपर्यंत, म्हणजे चांगली बारा वर्षं, धरून ठेवलं होतं, आणि ते बघताना माझं डोकं किती वेळा फिरलं ते माझं मलाच ठाऊक.

अप्पाजी माझा शेजारी. मेलकावेरीत आमच्या मराठी लोकांची एक गल्ली आहे. आमचे वाडवडील तंजावरच्या राजांच्या चाकरीला म्हणून या मुलखात आले आणि इथलेच झाले. राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तेव्हा आमच्याकडे उरलं काय, तर गल्लीच्या टोकाचा विठोबाचा मठ, शनिवारचं भजन आणि घरात बोलायची आमची जुनाट मराठी. अप्पाजी त्या मठात पुजाऱ्याच्या हाताखाली होता. अंगानं काटकुळा, बोलायला अगदी कमी. घरात तो आणि त्याची विधवा आई गोमतीबाई, दोघंच.

मठाची फुलबाग होती तिरुवलंचुळीला, गावापासून चांगली लांब. पहाटेच्या आरतीला तुळस आणि फुलं तिथूनच यायची. अप्पाजी कावेरीत बुडी मारायचा आणि ओलेत्यानं निघायचा. सोवळ्यातल्या माणसाला कुणी शिवायचं नाही. रस्त्यावर तर दूधवाले, भाजीच्या गाड्या, म्हशी. चालत गेलं तर कुणाचा तरी धक्का लागणार, आणि लागला की परत नदीवर जाऊन बुडी मारा. म्हणून हा बांधावरून धावत जायचा आणि परडी डोक्यावर घेऊन धावतच यायचा. परत येईपर्यंत धोतर अंगावर वाळलेलं असायचं. गोमतीबाईंचं सोवळं आमच्या गल्लीतलं सगळ्यात कडक. मी त्यांना चिडवायचो, "काकू, तुमच्या सोवळ्यानं पोराचा घोडा केला." त्या हसायच्या.

एके दिवशी कॉलेजातले कसरतीचे मास्तर स्वामीनाथ सायकलवरून फिरायला निघाले होते. त्यांना हा बांधावर दिसला. त्यांनी जोरात सायकल मारली, तरी तो काही त्यांच्या हाती लागला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर मठाच्या दारात हजर. त्यानंतरचं सगळं फार भराभर झालं. तिरुचीला लांब पल्ल्याची शर्यत झाली, ती अप्पाजीनं मारली. मद्रासला झाली, तीही मारली. आणि मग कोलंबोहून बोलावणं आलं. तिथे निरनिराळ्या देशांचे धावणारे जमणार होते. सिलोनचे, पलटणीतले इंग्रज, बंदरात उतरलेले ऑस्ट्रेलियन, आणि आमच्याकडून हा, अनवाणी, धोतराचा काचा मारलेला.

आता प्रश्न आला समुद्राचा. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणारी आमची गल्ली. मठाचे प्रमुख पांडुरंगराव तीन संध्याकाळी पंचांग उघडून बसले. शेवटी त्यांनीच तोड काढली. धनुष्कोडीपासून पलीकडे रामानं सेतू बांधला होता, तेव्हा तिथून जाणारा माणूस समुद्र ओलांडत नाही, रामाच्या वाटेनं जातो. मग पायांखाली आगबोट का असेना! सगळ्यांना पटलं, कारण सगळ्यांनाच त्यानं जायला हवं होतं. एकच अट राहिली. लंकेत परक्या हातचं शिजवलेलं खायचं नाही.

गोमतीबाई दोन दिवस चुलीपुढून उठल्या नाहीत. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाचे पोहे, मेतकूट, चिंचेचा भात. पितळेचा मोठा डबा शिगोशीग भरला. धनुष्कोडीच्या आगगाडीवर, बोट मेलवर, निम्मं गाव आलं होतं. स्वामीनाथ मास्तर त्याच्याबरोबर निघाले होते. गाडी हलायच्या आधी त्यांनी डबा त्याच्या हातात दिला.

"पुरवून खा. कुणाच्या हातचें घेऊं नको. मज शब्द दे."

"नाहीं घेत, आई," अप्पाजी म्हणाला आणि त्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मी शेजारीच उभा होतो.

शर्यतीच्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवर उभं राहायला जागा नव्हती. तार आली ती मीच वाचली. आमचा माणूस पडला होता, पुन्हा उठला होता, आणि सगळ्यांच्या शेवटी का होईना, त्यानं शर्यत पुरी केली होती. नंतर मद्रासचं वर्तमानपत्र आलं, त्यात शेवटाचं वर्णन होतं. बूट घातलेल्या धिप्पाड गड्यांमध्ये हा एक अनवाणी, फुटलेला गुडघा ओढत मैदानात शिरला, तेव्हा गोऱ्या मडमासुद्धा उठून उभ्या राहिल्या, टोप्या उडाल्या, पहिल्या आलेल्या पलटणीतल्या सोजिराकडे कुणी बघेना. झालं. गाव पेटलं. अप्पाजी उतरला तेव्हा स्टेशनापासून मठापर्यंत नादस्वरम लावून मिरवणूक काढली. त्यानं मला हळूच विचारलं, "हें काय म्हणोन करताहेत?"

पुढे मी विचार केला. गोऱ्याला हरवायचं आमच्यातल्या कुणाच्याच नशिबात दिसत नव्हतं. कचेरीत हरत होतो, कोर्टात हरत होतो, राज्य तर कधीच हरून बसलो होतो. तेव्हा हरून उठण्यातच खरा मोठेपणा आहे असं कुणी सांगितलं की आमच्या जिवाला बरं वाटायचं. अप्पाजीला ओवाळताना लोक स्वतःलाच ओवाळून घेत होते. मला त्याचा संताप यायचा. अजून येतो.

शाळेचा समारंभ असो की वाचनालयाचा वाढदिवस, अप्पाजीला खुर्चीवर बसवायचे. वक्ते पोरांना सांगायचे, बाळांनो, जिंकणं म्हणजे सगळं नव्हे, यांच्याकडे बघा. हा मान खाली घालून हाराची फुलं मोजत बसायचा. आणि बायकांच्या बाजूला गोमतीबाई. त्यांचं वेगळंच चाललेलं. तो पितळेचा डबा लंकेहून रिकामा परत आला होता. त्यांनी तो घासून फडताळात दर्शनी भागात ठेवला होता आणि येईल त्या बाईला दाखवायच्या. "एक दशमी उरली नाहीं हो. माझ्या दशम्यांवर पोर शेवटापर्यंत उभा राहिला." अप्पाजी तेव्हा जवळ असला तर उठून मागच्या दारी जायचा. मला वाटायचं, लाजतो.

तो पुन्हा कधी धावला नाही. गुडघा कायमचा दुखरा झाला, आणि मठाची तुळस बैलगाडीतून यायला लागली. लग्न जमलं नाही. दुखऱ्या पायाच्या पुजाऱ्याला मुलगी कोण देणार? समारंभात टाळ्या वाजवणाऱ्यांनीही दिली नाही. स्वामीनाथ मास्तर बदलून दूर गेले. एकदाच, फक्त एकदाच, घाटावर धोतर आपटता आपटता तो मला म्हणाला, "मी पडायला गेलों नव्हतों रे. जिंकायला गेलों होतों."

"मग झालं काय?" मी विचारलं.

"काय व्हायचें? पाय चालेनात." आणि तो पुन्हा धोतर आपटायला लागला.

मग पुढचं महामहम आलं. बारा वर्षांनी येणारा हा सोहळा. तळ्यात एक बुडी मारायला जिथून तिथून माणसं लोटतात आणि आमच्या गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत एक उंच, काळासावळा गृहस्थ अप्पाजीचं घर विचारत आमच्या गल्लीत आला. नाव सेल्वदुरै. सिलोनचा तमिळ माणूस, बायकोला घेऊन स्नानाला आलेला, धर्मशाळेत उतरलेला. अप्पाजीनं त्याला बघितलं आणि मिठीच मारली. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. गोमतीबाई दाराच्या आत तुळशीची माळ ओवत होत्या. तमिळ त्यांना आमच्याइतकंच येत होतं.

सेल्वदुरै मला म्हणाला, "त्या शर्यतीत मी दुसरा आलो. खरं तर मी तिसरा यायला हवा होतो."

"ते कसं?"

"अर्ध्याहून जास्त वाट हा सगळ्यांच्या पुढे होता. तो सोजीरसुद्धा मागे. मी याची पाठ बघत धावत होतो. पण पोटात काही नको का माणसाच्या?"

"पोदुम, सेल्वदुरै," अप्पाजी घाईनं म्हणाला. पुरे.

पण तो भला माणूस कौतुक करायला आला होता, तो कसला थांबतो! त्याला वाटलं, इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक झालीच असणार. तो सांगत गेला. बोटीत चढण्याआधी, मंडपमला, पटकीच्या भीतीनं सरकारी डॉक्टरांनी उतारूंना अडवून ठेवलं होतं. बरोबरचं सगळं अन्न खड्ड्यात ओतून वर चुना टाकला, आणि याचा रिकामा डबा परत दिला. मास्तर आणि हा कोलंबोत सेल्वदुरैच्याच घरी उतरले. त्याच्या बायकोनं इडियाप्पम केले, तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर नारळाचं दूध. मास्तरांनी समजावलं, रागावले. बायकोनं हात जोडले. हा म्हणाला, आईला शब्द दिलाय. परक्या चुलीवर स्वतः रांधायलाही तयार होईना. केळी आणि शहाळ्याचं पाणी, एवढ्यावर राहिला आणि त्याच्यावरच धावला. "डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला. आणि शर्यत पुरी केल्यावर पहिलं काय केलं, तर मास्तरांकडून वचन घेतलं. हे माझ्या आईला कधी कळू द्यायचं नाही."

हे तोंडातून निघाल्यावर त्याचं लक्ष दाराकडे गेलं.

गोमतीबाई बाहेर आल्या. अर्धी माळ हातात तशीच होती. त्या अप्पाजीकडे बघत होत्या.

"डबा रिकामा आला म्हणोन मी गल्लीभर सांगत हिंडलें," त्या म्हणाल्या. "तूं ऐकत बसलास."

"आई, तें जाऊं दे."

"इतकीं वर्षें ऐकत बसलास रे."

मला तिथे बसवेना. उठून जावं तर पाय निघेना. गोमतीबाई आत गेल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या धाबळी अंगावर घेऊन बाहेर आल्या आणि सेल्वदुरैला तमिळमध्ये म्हणाल्या, "तुमच्या बायकोकडे मला घेऊन चला. अप्पाजी, तूं पण ऊठ."

बाहेर महामहमची गर्दी. कधी कुणाची सावली अंगावर घेतली नाही अशी ती म्हातारी त्या लोंढ्यात धक्के खात चालली होती. माणसं लागत होती, बैल लागत होते. तिनं एकदाही पदर सावरला नाही. धर्मशाळेच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर सेल्वदुरैची बायको भात लावत होती. गोमतीबाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मुली, माझ्या पोरासाठी तू एकदा इडियाप्पम केले होतेस. त्याला आज करून वाढशील?"

ती बाई घाबरली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग पीठ मळायला घेतलं. दोन पानं मांडायला गोमतीबाईंनीच सांगितलं. अप्पाजीला पानावर बसवलं आणि शेजारच्या पानावर स्वतः बसल्या. पांढऱ्या लुगड्यातली ती सोवळी बाई, परक्या मुलखातल्या परक्या जातीच्या बाईच्या हातचं अन्न पुढ्यात घेऊन. पहिला घास त्यांनी घेतला. "पाप लागेल तें मज लागूं दे. आतां तूं खा."

अप्पाजी खायला लागला. चाळिशीकडे झुकलेला माणूस, एक पाय पसरून बसलेला, कारण गुडघा मुडपत नव्हता. डोळ्यांतलं पाणी नारळाच्या दुधात पडत होतं आणि तो तसाच खात होता.

मग गोमतीबाईंनी सेल्वदुरैला विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना? खरं सांगा. तेव्हा हा जेवला असता तर जिंकला असता?"

सेल्वदुरै काही बोलायच्या आत अप्पाजी बोलला. मान वर न करता, तमिळमध्ये, सेल्वदुरैलाही कळावं म्हणून. "नाही, आई. तो सोजीर फार जोराचा होता. मी जेवून धावलो असतो तरी हरलोच असतो."

जिंकायला गेलों होतों, एवढी एकच गोष्ट त्या माणसानं इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवली होती. गावाच्या टाळ्यांमध्येही सोडली नव्हती. ती त्यानं तिथे, आईच्या पानाशेजारी, देऊन टाकली.

सेल्वदुरैनं चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाला, "हो. सोजीर फार जोराचा होता."

गोमतीबाईंनी दोघांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना पटलं की नाही ते मला सांगता यायचं नाही. त्यांनी आपल्या पानातला इडियाप्पम उचलून अप्पाजीच्या पानात ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "सावकाश खा."

अप्पाजीनं तोही खाल्ला.