आतोबांचा काढा आणि सहा ससे

स्वस्थ बसणं ज्याला जन्मात जमलं नाही असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझे आतोबा. सांडोरला त्यांची केळीची वाडी होती. जेवता जेवता दोनदा उठून ते रहाट बघून येत. दाढीसुद्धा पडवीत फेऱ्या मारत करत, त्यामुळे एक गाल कायम कापलेला. स्वातंत्र्यानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत मी त्यांच्याकडे राहून शाळेत शिकवत होतो, तेव्हा त्यांनी एक नवाच उद्योग काढला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बाळंतिणीला एका सालीचा काढा द्यायचा, अशी त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. तो काढा खरंच काही करतो का, हे त्यांना बघायचं होतं. सहा ससे आले. तिघांना काढा, तिघांना नुसतं पाणी. रोज सकाळी सशाच्या कानाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि तो किती वेळात गोठतो ते घड्याळात बघायचं. पण तेवढा वेळ आतोबा एका जागी थांबतील तर ना. ते अंगणात येरझाऱ्या घालत "गोठला का?" विचारत राहायचे आणि घड्याळ धरून बसायची आमची आत्या. नुसतं पाणी मिळणाऱ्या तिघांची दया येऊन ती त्यांनाही गुपचूप काढा पाजते, हे महिन्याभराने उघडकीला आलं. आतोबा दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

दिवाळीच्या सुमाराला निकाल लागला. सहाही सशांचं रक्त सारख्याच वेळात गोठत होतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे मासळी आणणारी अर्नाळ्याची बाई दारात आली. सून आठ दिवसांची बाळंतीण, आणि तिचा एक पाय सुजून दगडासारखा झालेला.

"तुमचा काढा द्या, दादा. दुसरं कोन हाय आमाला?"

"काढा देणार नाही," आतोबा म्हणाले. "सुनेला मुंबईला न्यायचं. आत्ता."

स्टेशनापर्यंत न्यायला बैलगाडी त्यांनीच जुंपली. सुनेला इस्पितळात दाखल करेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

तीन आठवड्यांनी ती आपल्या पायांनी घरी आली. सासू पापलेटं घेऊन आली, तर आतोबा मागच्या दाराने वाडीत निघून गेले. मी मागोमाग गेलो. ते केळीची सुकी पानं कापत होते.

"धाकट्या बहिणीचा पाय असाच सुजला होता," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "मी चार दिवस काढाच पाजत बसलो."

आत्याला हे ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. ते पुढच्या केळीकडे वळले.