दोन पट्ट्या खाली

नवऱ्यापासून मी फारसं काही लपवत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, शेजारणीशी वाजलं, बँकेच्या रांगेत मध्येच घुसले — सगळं संध्याकाळी चहाबरोबर ओकून टाकते. पण ही एक गोष्ट त्यालाही सांगितली नाही. बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानाही नीट शब्दांत नाही. मग तुम्हाला काऊन सांगून राह्यली? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या बाजारात भेटलात तर मान खाली घालावी लागणार नाही, म्हणून असेल. बघा, सुरुवातच कशी भित्री आहे.

मी आदिलाबादला एका खाजगी हायस्कुलात संगीत शिकवते. कडक बाई म्हणून माझं नाव आहे. मी व्हरांड्यातून चालले की पोरं आपोआप सरळ उभी राहतात. आणि खरं सांगू — ते मला आवडायचं.

माझे वडील कचेरीत कारकून होते आणि शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचे. गायला कोणीही बसो, म्हातारं असो की शेंबडं पोर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पट्टी कोणती? आवाज कुठल्या सुरावर सुखानं बसतो ते आधी पाहायचं आणि पेटी तिथून धरायची. गाणाऱ्यानं पेटीच्या मागं धावायचं नसतं, पेटीनं गाणाऱ्याच्या मागं जायचं असतं. ही काही विद्या नव्हे. देवळात जाताना चप्पल बाहेर काढावी, इतकी साधी गोष्ट. हे मुद्दाम सांगते आहे. पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाईला माहीत नसेल बिचारीला. बाईला माहीत होतं.

तर झालं असं की आमचे करस्पॉन्डन्ट — इकडं शाळेच्या मालकाला तसंच म्हणतात — हैदराबादला गेले आणि तिथल्या एका मोठ्या शाळेत अमेरिकन पद्धतीचं संगीत नाटक बघून आले. पोरं नाचतात, बोलतात, गातात, सगळं प्रत्यक्ष, गालाला माइक चिकटवून. मागं चाकांवरचे देखावे सरकतात. परत आले ते डोक्यात तेच घेऊन. आपणही करायचं, इंग्रजीत, पूर्ण दोन तासांचं. आमची पोरं घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि दुकानात हिंदी बोलणारी. स्टाफरूममध्ये सगळे गालात हसले. मी नाही हसले. कारण नोकरीच्या मुलाखतीत मी ठोकून दिलं होतं की वेस्टर्न म्युझिक मला येतं. काय येत होतं? मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले होते, तेवढंच.

जवळच्या निर्मल गावच्या एका सुतारानं लाकडाचा जिना करून दिला. खाली चाकं, वर रंगकाम, फार देखणा. गाण्यांचे नुसते वाद्यांचे ट्रॅक इंटरनेटवरून उतरवले. आणि नायिकेसाठी मी रेणुकाला निवडलं.

रेणुका नववीत होती. गाव नार्नूर. इथं मामाकडं राहायची. तिची आई बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन यायची आणि बाजार उठला की शाळेच्या फाटकाशी येऊन लेकीला बघून जायची. काय आवाज होता त्या पोरीचा! प्रार्थनेत ती गायला लागली की मागच्या ओळीतली ढकलाढकली थांबायची. नार्नूरला नवरात्रात तिला घरोघर बोलवायचे, आरती झाली तरी लोक उठायचे नाहीत. तिला दुसरं काही फारसं येत नव्हतं हो. गणितात काठावर, इंग्रजीत त्याहून खाली. वर्गात ती उठून दिसायची ती फक्त गळ्यामुळं.

नाटकातलं शेवटचं गाणं मोठ्या, तयार बाईच्या गळ्यासाठी बांधलेलं होतं. शेवटी सूर चढत चढत जातो आणि वर जाऊन लांबच लांब थांबतो. रेणुका अर्धं गाणं हसत म्हणायची. वर पोचली की मानेच्या शिरा टरारून फुगायच्या. पहिल्याच दिवशी मला कळलं, दोन पट्ट्या खाली घेतलं की ही पोर सहज म्हणेल. आणि त्याला लागतं काय? कॉम्प्युटरवर ट्रॅक खाली घेता येतो. मला ते करता येत होतं, प्रार्थनेचे ट्रॅक मी तसेच करून घ्यायचे. चहा थंड व्हायच्या आत होणारं काम.

मग नाही केलं. का?

नाटकाला प्रमुख पाहुण्या म्हणून हैदराबादच्या त्याच शाळेच्या संगीत शिक्षिका येणार होत्या. मला वाटलं, त्यांना पहिल्याच सुराला कळेल की इथल्या बाईनं पट्टी उतरवली. हिला झेपलं नाही म्हणतील. एवढंच. याहून मोठं काही कारण शोधून मी पुष्कळ दिवस पाहिलं, सापडलं नाही.

"टीचर, वरचं लागून नाही राह्यलं. घसा दुखते," असं रेणुका मला पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, पोटातून काढ, नखरे नको. नंतर एकदा आली तेव्हा आवाज सकाळीच बसलेला होता. तिनं हळूच विचारलं, थोडं खाली घेता येते का? मी तिच्याकडं सरळ बघत सांगितलं — नाही, हे ट्रॅक अमेरिकेतून असेच बनून येतात. तिनं मान डोलावली. तिनं काऊन शंका घ्यावी? मी टीचर होते ना.

रोज शाळा सुटल्यावर तालीम. रोज मी तिला तो सूर पुन्हा पुन्हा ओढायला लावला.

नाटकाच्या दिवशी तिचा आवाज त्याच जागी गेला. चिरकला नाही, गेलाच. नुसता वारा आला. ट्रॅक चालू राहिला आणि ती, मी शिकवल्याप्रमाणे, हात पसरून, तोंड उघडं ठेवून शेवटपर्यंत उभी राहिली. लोकांना वाटलं माइक बिघडला. टाळ्या वाजल्या. नंतर चहा घेताना त्या हैदराबादच्या बाई माझ्याजवळ आल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, तुम्ही खाली का नाही घेतलं? आम्ही तर नेहमीच घेतो, लेकरंच ती शेवटी.

मी हसले. हो हो म्हटलं. आतून जळत होते. आणि ती जळजळ कोणावर काढली, ते सांगायलाच तर एवढा फेरा घातला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रेणुकाची आई तिला घेऊन स्टाफरूममध्ये आली. पोरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "बाई, हिचा आवाज काऊन गेला हो?" एवढंच विचारलं त्या माउलीनं. रागानं नाही, खरंच विचारलं. आणि मी — सगळ्या शिक्षकांसमोर — म्हटलं, बर्फाचे गोळे खाते ती. तालमीच्या दिवसांत. किती वेळा सांगितलं, ऐकतच नाही.

गोळा तिनं एकदा खाल्ला होता. सगळ्यांनीच खाल्ला होता. मीसुद्धा.

आईनं तिथंच तिच्या तोंडात मारली. रेणुका माझ्याकडं बघत होती. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती: मी सांगितलं होतं, टीचर, घसा दुखते म्हणून. ती काहीच बोलली नाही. आवाज नव्हता म्हणून की मी टीचर होते म्हणून, मला माहीत नाही. मी टेबलावरच्या वह्या तपासायला घेतल्या.

माझं खोटं तिथंच थांबलं असतं तरी एक वेळ — नाही, तरीही नसतं चाललं. पण ते थांबलंही नाही. डॉक्टरांनी विचारलं कशानं झालं, तर आईनं बर्फ सांगितला. त्यांनी सर्दीचं औषध दिलं. गळा ताणून ताणून दुखावला आहे, त्याला विश्रांती हवी, हे त्यांना सांगणार कोण? ज्या एका माणसाला माहीत होतं ते वह्या तपासत होतं. रेणुका गळा मोकळा व्हावा म्हणून घरी मोठ्यानं गात राहिली. पुढं मोठ्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा गळ्यात गाठी निघाल्या. तिचा आवाज तेव्हापासून घोगरा आहे. नवरात्रात आता तिला कोणी गायला बोलवत नाही.

यंदा दसऱ्याच्या खरेदीला मी एका कापडाच्या दुकानात गेले. गल्ल्यापलीकडून कोणीतरी खरखरीत आवाजात हाक मारली, टीचर! मी ओळखलंच नाही. ती तिथं कामाला आहे. साड्या काढून दाखवता दाखवता म्हणाली, "टीचर, तवा तुमचं आयकलं असतं तं बरं झालं असतं. तुमी किती मेहनत घेतली मायावर. मीच वाया घालवलं सगळं." तिला माझा रागही आला नव्हता कधी. ती इतकी वर्षं स्वतःवरच रागावून होती.

दुकानात गर्दी नव्हती. तोंड उघडायला मला कोणी अडवलं नव्हतं.

मी म्हटलं, "जाऊ दे गं. लहान होतीस तू."

तिचे डोळे भरून आले. ती गल्ल्यामागून बाहेर आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.