आत्याची सुधारणा

जगातला प्रत्येक माणूस देवाने अर्धाकच्चा सोडलाय आणि उरलेलं काम आपल्याकडे दिलंय, अशी माझ्या आत्याची पक्की समजूत होती. पस्तीस वर्षं ती सरकारी इस्पितळात नर्स होती. तिला येताना बघून मोठमोठे डॉक्टर शर्ट खोचायचे. लग्न केलं नाही. "एकाच माणसाला सुधारण्यात जन्म कोण घालवणार?" असं म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांचा नाद लागला आणि मुलुंडच्या आमच्या घराची वाट लागली. कारण ती वाचायची ते आमच्यासाठी. पेन्सिलीने ओळ अधोरेखित करायची, समासात नाव लिहायचं आणि पुस्तक उघडं करून त्या माणसाच्या ताटाशेजारी ठेवायचं. रागाच्या पानावर बाबा. आळसाचं तर अख्खं प्रकरण माझ्या नावावर! माझं लग्न ठरत असताना होणाऱ्या सासऱ्यांनी सहज एक पुस्तक चाळायला घेतलं, तर 'पोकळ बडेजाव' या शब्दांसमोर त्यांचंच नाव. तरी लग्न झालं, हे त्यांचे उपकार.

तर ही बाई बासष्टाव्या वर्षी एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात काम करायला निघाली. बिनपगारी. आईने बॅगेत मेतकुटाचे डबे कोंबले, आत्याने ते काढून आमची नावं लिहिलेली पाच पुस्तकं भरली. "खायला तिथे मिळेल गं वहिनी. मराठी वाचायला कोण देणार?" सुरुवातीचे फोन झकास होते. "इथली माणसं आधीच सुधारलेली आहेत रे, माझी मोठी पंचाईत झालीये!"

मग तिथे पावसाळा लागला. रस्ता वाहून गेला, औषधं येईनात, तिला स्वतःलाच मलेरिया झाला. त्यातून जेमतेम उठली, तोच तापाने फणफणलेलं एक बाळ तिच्या मांडीवर गेलं. त्या दिवशी तिचा फोन आला. आवाजात दरडावणी नव्हती.

"पाचही पुस्तकं पुन्हा वाचली रे. तुमची सगळ्यांची नावं खोडली, तिथे माझं लिहिलं." मग म्हणाली, "मी परत येऊ का?"

जन्मात पहिल्यांदा आत्या मला काही विचारत होती. "ताबडतोब ये," म्हटलं आणि तिकीट काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: 'तिकीट रद्द कर. इथे दुसरी नर्स नाही. तुझं मन चांगलं आहे, अक्कल कमी.' आणि उरलेले सहा महिने तिने तिथेच काढले.

परत आली ती निम्मी होऊन. आता कोणाला काही बोलत नाही. रविवारी मी अकरापर्यंत लोळतो, तर स्वतः चहा आणून देते. त्यापेक्षा आळसाचं प्रकरण परवडलं असतं.

परवा दुपारी ती गॅलरीत नुसतीच बसली होती. "काय गं, कसला विचार करतेस?"

"तिथे आत्ता सकाळ. बाया पोरं घेऊन दवाखान्याबाहेर बसल्या असतील."

"तुझ्या जागी कोणी आलं?"

"नाही रे. अजून कोणीच नाही."

मी शेजारी बसलो. "जा तू" एवढंच म्हणायचं होतं, तिला तेच ऐकायचं होतं, हेही कळत होतं. पण आम्हाला ती घरात हवी होती. मी उठून तिच्यासाठी चहा टाकला.