मला माझ्या घराची ॲलर्जी आहे

मला माझ्या घराची ॲलर्जी आहे. हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात.

म्हणजे अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं, "मॅडम, धूळ, बुरशी आणि गाद्यांमधले डोळ्यांना न दिसणारे किडे. तुमच्या शिंकांचं मूळ घरातल्या हवेत आहे." हे लांबलचक वाक्य आगरदांड्याची खाडी फेरीबोटीनं ओलांडून दिघीजवळच्या आमच्या गावात पोचेपर्यंत आटलं आणि दोन शब्दांचं झालं. (आटवणारा माझा नवरा. विनायक बँकेत आहे. त्याला सगळं थोडक्यात सांगायची सवय आहे.)

पडवीत सासूबाई वाळलेल्या सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"घराची ॲलर्जी," विनायक चपला काढता काढता म्हणाला आणि आत निघून गेला.

सासूबाईंच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "घराची? तू दिवसभर शाळेत, विनू बँकेत, मुग्धा पुण्यात. मग घरात उरलं कोण? मी!"

"आई, तसं नाही हो. गाद्यांमध्ये बारीक किडे..."

"माझ्या गाद्यांत किडे?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि सलग अकरा शिंका आल्या. बाराव्या शिंकेपर्यंत सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

या शिंकांना मी खरंच कंटाळले होते. दोन वर्षं रोज सकाळी उठायचं ते शिंकतच. डोळे लाल, नाक लाल, आवाज घोगरा. मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर पचनसंस्था काढताना मी जठरापाशी शिंकले की आतड्याची रेघ थेट खिडकीपर्यंत जायची! नववीतली मुलं ती तशीच वहीत उतरवून घ्यायची. पन्नाशीला आलेल्या बाईनं आणखी किती सोसायचं?

म्हणून मुग्धानं, म्हणजे आमच्या लेकीनं, पुण्याहून हवा शुद्ध करायचं यंत्र पाठवलं. पांढरं, उंच, पोटाला जाळी. फोनवर ती म्हणाली, "आई, आधी आतलं पुस्तक वाच. मगच लाव."

"मुग्धा, मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे."

"म्हणूनच सांगते, वाच!"

मी ते पुस्तक नीट खणात ठेवलं आणि यंत्र लावलं. लगेच मंद घरघर सुरू झाली आणि पुढचा दिवा निळा झाला. निळा म्हणजे हवा चांगली, नारिंगी म्हणजे बरी, लाल म्हणजे वाईट, एवढं खोक्यावरच लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोल श्वास घेतला आणि जाहीर केलं, "फरक आहे. हवा हलकी झाल्यासारखी वाटते!"

"हो का?" विनायक म्हणाला. त्याला चहा हवा होता.

खरी पंचाईत त्या दिव्यानं केली. सासूबाईंनी फोडणी दिली की दिवा लाल. त्यांनी देवापुढे उदबत्ती लावली की दिवा लाल. संध्याकाळी डास घालवायला त्या नारळाच्या सोडणांचा धूर करून घरभर फिरवतात, तेव्हा तर यंत्र असं घोंघावायला लागायचं की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायची. चार दिवसांत सासूबाई यंत्राच्या समोरून जायचं टाळायला लागल्या. जायचंच झालं तर पदर आवरून, भिंतीकडून, एखाद्या तापट माणसाच्या समोरून जावं तशा!

"हे मला ओळखतं," त्या विनायकला म्हणाल्या. "मी दिसले की डोळे लाल करतं."

"आई, ते धुराला ओळखतं," मी म्हटलं. "तुम्ही नुसता धूर बंद करा."

"आणि डास? त्यांना तुझं यंत्र पुस्तक वाचून दाखवणार?"

त्याच दिवशी मी शाळेतून आले, यंत्रासमोर उभी राहून पदर झटकला आणि दिवा भक्कन लाल झाला. खडूची भुकटी! सासूबाई दारातून बघत होत्या. फक्त हसल्या. ते हसू मला आठ दिवस पुरलं.

मी हरणार नव्हते. डॉक्टरांनी आरोग्याच्या सवयींचा एक कागद दिला होता, तो मी फ्रिजवर चिकटवला आणि घराची शाळा केली. झाडू बंद, ओलं फडकं सुरू. पडदे उतरवले. (त्यामुळे रस्त्यावरून जाणारे लोक आम्हाला जेवताना बघायला लागले, आणि एकदोघांनी भाजी कसली तेही विचारलं.) शेजारी पालापाचोळा जाळतात त्या वेळी सगळ्या खिडक्या बंद. बाहेरून आलं की आधी हातपाय, मग कपडे, मग माणसांशी बोलायचं. रोज सकाळी कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. हे मी मागच्या अंगणात करायची. एका नाकपुडीतून घातलेलं पाणी दुसरीतून येतं, हे विज्ञानाच्या दृष्टीनं साधं आहे. पण दूध घालायला आलेल्या माणसाला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. तो किटली तिथेच ठेवून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून दूध फाटकावरच ठेवायला लागला.

कागदावरची शेवटची ओळ होती, "पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावीत."

आमच्या पलंगावर एक गोधडी होती. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सासूबाईंनी ती माझ्यासाठी शिवली होती. त्यांची स्वतःची जुनी लुगडी, मधे लाल काठ, टाके इतके बारीक की मोजू म्हटलं तर डोळे दुखावेत. ती आजवर गार पाण्यात, वर्षातून एकदा, आणि सासूबाईंच्याच हातानं धुतली गेली होती.

एका रविवारी सासूबाई देवळात गेल्या असताना मी बंबातलं कढत पाणी मोठ्या पातेल्यात ओतलं, त्यात ती गोधडी बुडवली, आणि जागा उरली म्हणून चादरी आणि विनायकचे तीन पांढरे शर्टही घातले.

लाल काठानं रंग सोडला. नुसता सोडला नाही, वाटला! चादरींना, शर्टांना, माझ्या हातांना. घाबरून मी सगळं उपसलं. भिजलेली गोधडी एवढी जड झाली होती की दोन पोफळींमध्ये बांधलेल्या दोरीवर टाकल्याबरोबर ती मधोमध फाटली आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे मातीत पडली. आतल्या कापडाचे गोळे बाहेर लोंबायला लागले. मी खाली बसून ते गोळे परत आत कोंबत होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

सासूबाई आल्या. त्यांनी गोधडीकडे पाहिलं. मग गुलाबी शर्टांकडे. मग माझ्याकडे.

"आई, ते कागदावर लिहिलं होतं, गरम पाण्यात..."

त्या काही बोलल्या नाहीत. सासूबाई बोलत असतात तोवर काळजीचं कारण नसतं. त्या दिवशी त्या जेवतानाही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक धूत असताना पिशवी घेऊन एसटीनं माणगावला, त्यांच्या लेकीकडे, निघून गेल्या. जाताना विनायकला एवढंच सांगितलं, "आता घराची हवा शुद्ध होईल."

विनायक त्या आठवड्यात गुलाबी शर्ट घालून बँकेत गेला. मला एका शब्दानं बोलला नाही. फक्त रोज संध्याकाळी यंत्रासमोर उभा राहून म्हणायचा, "निळा आहे. छान."

घरात फोडणीचा वास नव्हता, धूर नव्हता, उदबत्ती नव्हती. दिवा अखंड निळा. आणि माझ्या शिंका? जशाच्या तशा! उलट एक वाढली असेल. त्या निळ्या उजेडात एकटीच पोळी खाताना मला पहिल्यांदा वाईट वाटलं. शिंकांचं नव्हे. गोधडी माझी होती खरी, पण ती कुणाच्या हातची आहे हे ओळखून मी ती सांभाळायला हवी होती, ते मला फार उशिरा सुचलं होतं.

पुढच्या रविवारी मी म्हसळ्यावरून माणगावला गेले. एसटीत सगळा वेळ माफीचं भाषण जुळवत होते. वन्संचं घर हायवेला लागून आहे. रस्त्याचं काम चालू, ट्रकमागून ट्रक, आणि दारातल्या तुळशीवरसुद्धा पिठासारखी धूळ. दार उघडून वन्संनी तोंडावर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे खूण केली.

आतून आवाज आला, "आक्छी!"

सासूबाई नाकाला टॉवेल लावून खाटेवर बसल्या होत्या. डोळे लाल, नाक लाल. मी दोन वर्षं आरशात बघत होते तोच चेहरा!

"आई, तुम्हाला शिंका?"

"मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या आणि लागोपाठ पाच दिल्या.

मी भाषण सुरू केलं. "आई, गोधडीचं माझं चुकलं. मी..."

"गोधडी फाटली त्याचं मला काही नाही. कापडच ते, कधीतरी फाटायचंच." त्यांनी नाक पुसलं. "तू विचारलं नाहीस. कागदाला विचारलंस, डॉक्टरला विचारलंस, त्या डबड्याला विचारलंस. घरात मी आहे, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, उन्हात टाक. वाडीच्या कडेला, दुपारी, दोन्ही बाजूंनी. आम्ही काय आयुष्यभर किड्यांत झोपलो?"

माझं भाषण तिथेच संपलं. मला रडू आलं, आणि रडताना शिंकही आली. मग त्यांना आली. वन्सं दारात चहा घेऊन उभ्या होत्या, त्या आमच्या दोघींच्या शिंका थांबायची वाट बघत होत्या.

चहा प्यायल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "ते यंत्र चालू ठेवून आलीस की बंद करून?"

"बंद करून."

"मग विनूला फोन कर आणि चालू करायला सांग. आपण पोचेपर्यंत खोली बरी झाली पाहिजे. आणि ते माझ्या खोलीत ठेवायला सांग."

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं काम केलं ते यंत्र पुसायचं. "एवढी धूळ खातं म्हणतेस, मग त्याचं पोट कधी साफ केलंस?" मी म्हटलं, तीनच तर आठवडे झालेत, एवढ्यात गरज नसते. त्यांनी ऐकलं नाही. प्लग काढला, मागची जाळी उघडली, आत हात घातला आणि थांबल्या.

"अनघा, हे असं पिशवीत घालूनच ठेवायचं असतं का?"

मी वाकून पाहिलं. आतली गाळणी, जी हवा गाळते, जिच्यासाठी हे सगळं यंत्र असतं, ती कारखान्यातून आलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बंद, कोरी करकरीत बसली होती. तीन आठवडे यंत्र घोंघावत होतं, दिवा रंग बदलत होता, आणि हवा मात्र जशी येत होती तशी जात होती!

विनायकनं खणातलं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. पान भरून पिशवीचंच चित्र होतं. त्यावर फुली.

"पण हवा हलकी झाली होती ना?" तो म्हणाला.

तेव्हापासून कारभार सासूबाईंच्या हातात आहे. गाद्या दर गुरुवारी उन्हात. सोडणांचा धूर होतो, पण अंगणात. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी. यंत्राची गाळणी महिन्याकाठी त्या स्वतः बघतात. मी शाळेतून आले की हातपाय धुऊन, साडी बदलून, मगच त्यांच्या खोलीत पेपर तपासायला बसायची परवानगी मिळते. माझ्या शिंका पार गेल्या नाहीत, पण सकाळच्या तीन-चारांवर आल्या आहेत, आणि वर्गातली आतडी आता खिडकीपर्यंत जात नाहीत.

परवा पलीकडच्या आळीतली शरयू, नवीन लग्न होऊन आलेली, नाक पुसत पडवीत आली. "आजी, मलापण सकाळी फार शिंका येतात हो. काय करू?"

सासूबाईंनी तिला समोर बसवलं आणि अर्धा तास समजावलं. गादी कशी उलटायची, खिडकी कधी उघडायची, फडकं किती पिळायचं, यंत्र घेतलंच तर आधी त्यात काय बघायचं. मी आतून ऐकत होते. मलासुद्धा इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

शरयू भारावून म्हणाली, "आजी, किती छान समजावता! तुम्ही शाळेत शिकवत होतात का?"

"छे गं," सासूबाई म्हणाल्या. "मी चौथी पास. विज्ञान शिकवते ती आमची अनघा. म्हणून तर तिला समजायला एवढा वेळ लागला!"