कंबरेच्या मापावरची प्रार्थना

टाचणीमावशी हे नाव कुणी ठेवलं ते आता तिलाही आठवत नाही. कपडा अंगावर बेतताना चार-पाच टाचण्या ओठांत धरायची तिची सवय, त्यावरून पडलं असावं. छत्तीस वर्षं ती बायकांचे कपडे शिवते आहे. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीपाशी पायाचं मशीन, भिंतीला उभा आरसा, कपडे बदलायला पडद्याआड हातभर जागा, आणि कापायचं टेबल म्हणजे कडी-कोयंडा काढलेला एक जुना दरवाजा. मागच्या खोलीत ती आणि तिची नणंद राहतात. मावशीचा नवरा वारला तेव्हा नणंद चार दिवस सोबतीला म्हणून आली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. काज-बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे.

माणूस म्हणून मावशी सरळ. सकाळी पवित्र शास्त्र वाचल्याशिवाय मशीनला हात लावत नाही, आणि सांगितलेल्या दिवशी कपडा तयार म्हणजे तयार. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाच्या पाठीवर कसला व्रण, कोण आजारात किती वाळली, हे सगळं तिला माहीत असतं. यातलं अवाक्षर ती बाहेर काढत नाही असं चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या. मावशी स्वतःही म्हणायची. आणखी एक गोष्ट ती जरा जास्तच म्हणायची, "माझ्या कात्रीखाली कापड बिघडलेलं नाही आजवर." सगळं बिघडलं ते या एका वाक्यामुळे.

दवाखान्यातल्या नर्सचं लग्न ठरलं होतं, चौकातल्या चष्मेवाल्याशी. लग्नाचा पांढरा गाऊन मावशीकडेच. मापं घेऊन झाली, वहीत लिहून झाली, कंबर सत्तावीस. तीन आठवड्यांनी नर्स गाऊन घालून बघायला आली, तर मागची चेन कंबरेवर चार बोटं उघडीच राहिली.

मावशीला बघताक्षणी कळलं. शिवणीसाठी कापडाची जादा पट्टी सोडतात, तिला माया म्हणतात. कंबरेचे चार तुकडे तिनं माया न सोडताच कापले होते. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांशी बोलत बोलत कात्री चालवली होती. पहिल्या वर्षी शिकणारी मुलगी करते ती चूक, आणि छत्तीस वर्षांच्या हातानं केली.

त्याच वेळी खुर्चीवर भगिनी मंडळाच्या सेक्रेटरीबाई बसलेल्या, आपल्या जाकिटाची वाट बघत. त्या म्हणाल्या, "काय हो मावशी, बसत नाहीये वाटतं?"

मावशीनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. खरं बोलवत नव्हतं तर गप्प बसायची सोय होती. पण ती म्हणाली, "पोरगी जरा भरलीय कंबरेत. मापं घेतली तेव्हा बारीक होती."

नर्स आरशात बघून हसली. "खरं की काय मावशी? पळापळ तर एवढी असते वॉर्डात."

"होतं असं लग्न ठरलं की," मावशी म्हणाली. "काळजी करू नकोस, दोन्ही कुशींना पट्ट्या घालते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

सेक्रेटरीबाईंनी फक्त नर्सच्या पोटाकडे एकदा बघितलं आणि जाकिटाची घडी घातली.

पुढच्या बुधवारी दुपारी भगिनी मंडळाची प्रार्थनासभा होती. चर्चमागच्या खोलीत बावीस-तेवीस बायका. सेक्रेटरीबाईंनी प्रार्थनेच्या विषयांची वही उघडली. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा. शेवटी चष्मा काढून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि एक विषय. आपल्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. तिचा पाय घसरलाय असं कळतं. नाव सांगत नाही, प्रभूला ठाऊक आहे. लग्नापर्यंत झाकलं जावं आणि घराण्याची लाज राखली जावी, म्हणून मागू या."

त्या महिन्यात मंडळीत लग्न एकच ठरलेलं होतं.

बायकांनी डोळे मिटले. मिटायच्या आधी एकमेकींकडे बघून घेतलं, ते वेगळं. प्रभूला सगळं ठाऊक असतं हे सेक्रेटरीबाईच म्हणाल्या होत्या. मग त्याला सांगायला बावीस बायकांच्या कानांवरून कशाला जावं लागलं? देवासमोर हात जोडून शेजारणीच्या लेकीवर चिखल उडवायचा आणि वर आमेन म्हणायचं, याला प्रार्थना म्हणणाऱ्यांची जीभ कशी झडत नाही, असं मावशीला वाटलं. तिच्या अंगाची लाही झाली. पण तीही आमेन म्हणाली. शेजारी बसलेली म्हणाली म्हणून तोंडातून निघून गेलं.

शनिवारी सकाळी चष्मेवाल्याची आई दुकानात आली. कापड-बिपड काही नाही, हातात नुसती पर्स. बसा म्हटलं तरी बसेना.

"मावशी, तुमची मापांची वही बघू द्या."

"कशाला?"

"त्या मुलीची कंबर तेव्हा किती होती आणि आता किती आहे, एवढंच सांगा. बाकी मी समजून घेईन."

"कुणाच्या अंगाची मापं मी दुसऱ्याला दाखवत नाही," मावशी ताठ होऊन म्हणाली.

"नका दाखवू. तुमचंच वाक्य आहे, पोरगी भरलीय म्हणून. माझ्या कानावर पाच जणींकडून आलंय. माझा मुलगा ऐकायला तयार नाही, पण मी त्याची आई आहे. मी काही लग्न मोडत नाही. चार महिने पुढे ढकलू म्हणते. चार महिन्यांत दिसेल काय ते." एवढं बोलून ती गेली.

दार लागायच्या आत मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "बघितलंत, वन्सं? चार महिने म्हणे. म्हणजे सगळ्या गावानं रोज तिच्या पोटाकडे बघायचं. मुलीनं दवाखान्यात जायचं कसं, पेशंटसमोर उभं राहायचं कसं? आणि त्या सेक्रेटरीबाई. पहिल्या बाकावर बसतात, गाणी म्हणायला सर्वांत मोठा आवाज. यांना लाजा कशा वाटत नाहीत? खोटी साक्ष देऊ नको हे लहान पोरांना शिकवतात त्या, रविवारच्या शाळेत."

नणंद बाहीचं काज करत होती. तिनं मान वर केली नाही. "झालं तुझं?"

"का?"

"कुशीला पट्ट्या लावायला तू गाऊन माझ्याकडे दिलास. मी शिवण उसवली. आत मायाच नव्हती गं."

मावशीनं टेबलावरची कात्री उचलली आणि परत ठेवली.

"कात्री तुझी चुकली. पोरगी होती तेवढीच आहे," नणंद दोरा तोडत म्हणाली. "सेक्रेटरीबाई हलकट आहे, त्यात वाद नाही. पण तिला हे दिलं कुणी? आपण होऊन नव्हतं सुचलं तिला."

"मी काय त्या अर्थानं बोलले होते?"

"मग कुठल्या अर्थानं बोलली होतीस?"

याचं उत्तर मावशीपाशी होतं, आणि ते तिला तोंडानं म्हणवेना. आपली कात्री चुकली हे एका बाईसमोर दिसू नये म्हणून तिनं दुसऱ्या बाईचं शरीर पुढे केलं होतं. तीन दिवस ती सगळ्या मंडळीवर चिडून होती, आणि त्या तीन दिवसांत एकदाही तिनं स्वतःला हे विचारलं नव्हतं. आता स्वतःचाच राग आला तो असा आला की मशीनवर बसवेना. दुपारी ती मापाची टेप पिशवीत टाकून नर्सच्या घरी गेली.

नर्स नुकतीच ड्यूटीवरून आलेली, डोळे सुजलेले. तिच्या आईनं दार उघडलं आणि आत निघून गेली. मावशीनं उभ्या उभ्याच सांगितलं, माया सोडली नव्हती, चूक माझी, तुझी कंबर सत्तावीसच असणार. "टेप आणलीय मी. वहीत तारखेसकट माप आहे. तुझ्या सासूला बोलावू, तिच्यासमोर मोजू. एका मिनिटात सगळ्यांची तोंडं बंद."

नर्सनं टेपकडे बघितलं. "म्हणजे मी त्यांच्यासमोर हात वर करून उभी राहू?"

"तुझ्या भल्यासाठीच म्हणते, बाळा."

"माझी कंबर मी कुणाला मोजून दाखवणार नाही, मावशी. आज सत्तावीस भरली तर उद्या म्हणतील टेप ओढून धरली. परवा आणखी काहीतरी तपासून मागतील. मी रोज दहा जणांना तपासते, मला माहीत आहे, तपासायला लागलं की लोकांना थांबायचं कुठे ते कळत नाही." ती दाराला हात धरून उभी होती. "खोटं तुम्ही बोललात. माझ्या अंगाला कशाला पुरावा करता? तुम्ही तोंडानं बोललात तसं तोंडानंच परत घ्या. जिथे पसरलं तिथे."

"तिथे सांगितलं तर माझ्याकडे कपडा कोण टाकेल?"

"मला नाही माहीत," नर्स म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बुधवारी मावशी सभेला गेली. वचन वाचून झालं. साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, तशी ती उठली. चष्मेवाल्याची आई दुसऱ्या ओळीत होती. तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"लग्नाचा गाऊन मी चुकीचा कापला," ती म्हणाली. "शिवणीला जागाच ठेवली नाही. ते कबूल करायची लाज वाटली म्हणून मुलगी भरलीय असं खोटं बोलले. ती भरलेली नाही. तिची काहीही चूक नाही. मागच्या बुधवारी इथे तिच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी आमेन म्हणाले."

सेक्रेटरीबाई हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "मावशींनी मोकळेपणानं सांगितलं, बरं झालं. आपण तरी काय, कुणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. प्रार्थनाच केली."

"नाव घेतलं नाहीत, म्हणून तर तिला नाही म्हणायलाही जागा राहिली नाही," मावशी म्हणाली. "आणि प्रार्थना देवाकडे जाते, बाई. तुमची दुसऱ्या दिवशी दहा वाजता भाजीवालीकडे पोचली होती."

मागच्या ओळीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"तुम्ही आता माझ्यावर घसरताय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "मावशींच्या मनाला शांती मिळावी म्हणून आपण सगळ्यांनी—"

"माझ्यासाठी नंतर मागा. आधी जिने जिने जिथे जिथे सांगितलं, तिने तिथे जाऊन खोटं होतं म्हणून सांगायचं. मी इथपासून सुरुवात केलीय."

खिडकीपाशी बसलेली शाळेतली शिपाईबाई हळूच म्हणाली, "मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं." तिच्या शेजारची म्हणाली, "मी सासूबाईंना." आणखी दोघी बोलल्या. बाकीच्या जमिनीकडे बघत राहिल्या. सेक्रेटरीबाई विषयांच्या वहीची पानं उलटत बसल्या. चष्मेवाल्याची आई उठली आणि मावशीकडे न बघता म्हणाली, "तारीख तीच राहील." मग पर्स घेऊन बाहेर गेली.

मावशी तिथून थेट दवाखान्यात गेली. नर्स ड्रेसिंगच्या खोलीत एका म्हाताऱ्याच्या पायाचं बँडेज बदलत होती. मावशी दारातच थांबली आणि काय झालं ते सांगितलं, स्वतःचं काही न झाकता.

"सगळ्यांसमोर?" नर्सनं विचारलं.

"सगळ्यांसमोर. तुझी सासू म्हणाली, तारीख तीच राहील."

"ते मी ठरवणार होते." नर्सनं पट्टीचं टोक चिकटवलं. "काल त्याला सांगून आलेय, लग्न करीन म्हणून. एवढ्या दिवसांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही, खरं आहे का म्हणून. त्याच्या आईचं त्यानं बघावं."

"गाऊन तयार आहे," मावशी म्हणाली. "का दुसरीकडून शिवून घेतेस? कापड मी देते."

"नको. शुक्रवारी न्यायला येईन. आई नाही येणार, तिचा राग गेलेला नाही." तिनं म्हाताऱ्याचा पाय अलगद खाली ठेवला. "माझाही गेलेला नाही, मावशी."

"बरं," मावशी म्हणाली. माफ कर म्हणायचा शब्द ओठांवर आला होता. पण आत्ता तो म्हटला तर या पोरीला नाइलाजानं हो म्हणावं लागेल, असं वाटून तिनं तो गिळला, आणि बाहेर ताटकळलेल्या पेशंटच्या रांगेतून वाट काढत घरी निघाली.