टकळीचा बाप गप्प राहिला

चौकातून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. त्याच्या मालकाला सगळा रस्ता रेडिओ म्हणतो. ज्याच्या तोंडून दिवसाकाठी दहा वाक्यं निघत नाहीत त्याला रेडिओ म्हणायचं, ही रस्त्याची जुनी थट्टा. तो बोलताना अडखळतो. शब्द ओठापर्यंत येतो, उंबऱ्यात चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखा तिथंच घुटमळतो आणि मग कुणी मागून ढकलावं तसा बाहेर पडतो. लहानपणी पोरं त्याची नक्कल करून हसली. मोठेपणी मोठी माणसं हसू दाबायला लागली, आणि दाबलेलं हसू जास्त लागतं. म्हणून त्यानं जीभ आवरली आणि हात तयार केला. हात असा की कात्री केसांतून फिरताना झोप यावी.

"बाकीच्या सलुनात केसांबरोबर कानही सोलून निघतात," निवृत्त पोस्टमनकाका म्हणायचे. "इथं नुसती दाढी होते." काका स्वतःच बोलायचे, दोघांच्या वाटचं.

त्याची मुलगी अडीच वर्षांची. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून तिला टकळी नाव पडलं. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायला जाते, चारला सुटते. तोवर टकळी सलुनात. लहान मुलांचे केस कापताना खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची फळी असते, तीच तिची गादी. तिथं बसून ती आरशातल्या गिऱ्हाइकांची चौकशी करायची. "तुझे केस कुठे गेले?" असं तिनं एका टकल्या माणसाला विचारलं होतं, आणि तो माणूस दुसऱ्या आठवड्यात केस नसतानाही पुन्हा आला होता.

आणि खरी गोष्ट अशी, की दुपारी दुकान रिकामं झालं की रेडिओ बोलायचा. तिच्याशी. मनसोक्त अडखळत. ती कधी हसली नाही. बाप नावाचा माणूस असाच बोलतो, अशी तिची समजूत होती. जगात त्याला एकच श्रोता मिळाला होता, आणि तो पूर्ण मिळाला होता.

एका दुपारी काकांच्या अर्ध्या गालावर फेस होता. टकळी फळीवरून म्हणाली, "बा... बा... बाबा, पा... पा... पाणी."

काका खो खो हसले. "घ्या! रेडिओचं दुसरं स्टेशन लागलं!"

वस्तरा कानाखाली थबकला. काकांच्या मनात काही नव्हतं. ते हसत राहिले. त्यानं तिला पाणी दिलं, दाढी पुरी केली, कापड झटकलं. पण त्याला कापड दिसत नव्हतं. जन्मली तेव्हा हिचं नाक आपल्यावर गेलंय म्हणून तो आठवडाभर ऐटीत फिरला होता. आता हे. सर्दी लागावी तसं आपलंच तिला लागलं, रोज दुपारी, आपण आनंदानं दिलं, असं त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

त्या दिवसापासून त्यानं तिच्यापुढं तोंड उघडलं नाही.

पहिले दोन दिवस तिला तो खेळ वाटला. तिनंही गाल फुगवून तोंड मिटलं आणि लगेच फिस्सकन हसली. मग ती त्याची विजार ओढायला लागली. मग एकदा तिनं त्याला खाली बसवलं, "आ कर" म्हणाली आणि बोट घालून त्याच्या तोंडात नीट शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. तेव्हा आपलं अर्धं बिस्किट तिनं आत ठेवलं आणि वाट पाहत बसली. त्यानं ते गिळलं.

नंतर नंतर ती आरशाशी बोलायला लागली. खुर्चीमागं उभ्या असलेल्या बापाकडं पाठ करून आरशातल्या बापाशी. हा बोलत नाही तर निदान तो तरी बोलेल, असं काहीसं तिचं असावं. तिथूनही उत्तर येईना. मग टकळीची टकळी मंदावली. आणि जे थोडं बोलायची ते आधीपेक्षा जास्त अडायला लागलं. जो बांध घातला त्यातूनच पाणी आत येत होतं, आणि तो बिचारा बांध आणखी उंच करत होता.

घरात बायकोनं पंधरा दिवस पाहिलं आणि सोळाव्या सकाळी त्याची वाट अडवली.

"अहो, माझं काही चुकलंय का?"

त्यानं मान हलवली.

"मग तोंडात बोळा कोंबलाय का? पोरगी झुरायला लागली तुमच्या पायी. मला वाटतंय ते बोलू का? कोणी दुसरी आहे का?"

"दु... दु... दुसरी?" त्याला एवढा धक्का बसला की तोंड उघडलं. "मा... माझं ऐकून ती... ति... तिला..." पुढं तो हातानं बोलला. टकळीकडं बोट, मग आपल्या ओठांकडं.

बायको आधी हसली. "या तोंडाला दुसरी कुठून मिळणार म्हणा!" आणि हसता हसता तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "उद्या सुट्टी घेते. दवाखान्यात जाऊ."

मोठ्या दवाखान्यात वाचेची डॉक्टरीण वेगळी होती. वयानं लहान, खोलीत जमिनीवर खेळणी. ती टकळीबरोबर फरशीवर बसून तासभर गाडी गाडी खेळली आणि मग या दोघांकडं वळली. म्हणाली, "हे ऐकून लागत नाही. तुम्ही तिच्याशी बोला. भरपूर बोला, जसं येतं तसं."

त्यानं एकच विचारलं. विचारायला बराच वेळ लागला, डॉक्टरीण थांबली. "म... म्हणजे ती मा... माझ्यासारखी नाही ना हो... होणार?"

"आज सांगता येणार नाही. या वयात पुष्कळ मुलं अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं. काहींचं राहतं. घरात कोणाला असेल तर राहण्याची शक्यता थोडी जास्त, कारण ते रक्तातून येतं. आपण लक्ष ठेवू. दर दोन महिन्यांनी आणा."

बायकोचा जीव भांड्यात पडला. त्याचा नाही. ऐकून लागलं असतं तर इलाज त्याच्या हातात होता. जन्मभर ओठ शिवून बसला असता. कानावर पडणारं थांबवता येतं. पण जे ती पोटात असतानाच देऊन झालं होतं, ते तो कुठून परत घेणार होता?

"आणि एक," डॉक्टरीण म्हणाली, "ती अडली की शब्द पुरवू नका. घाई करू नका. थांबा."

हे मात्र त्याला कुणी शिकवायला नको होतं. लोकांनी त्याला आयुष्यभर शब्द पुरवले होते. शाळेत असताना पेन मागायला गेला तर दुकानदारानं घाईनं पेन्सिल काढून दिली, आणि नाही म्हणायला आणखी एक शब्द लागेल म्हणून तो पेन्सिल घेऊन घरी आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दाढीला आले. टकळी शेजारच्या खुर्चीच्या फळीवर बसली होती. मग म्हणाली, "बाबा, क... क... क..."

सलुनातलं निम्मं सामान त्याच अक्षरानं सुरू होतं. कात्री, कंगवा, कापूस. काकांनी मदतीला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं साबणाचा ब्रश सरळ त्यांच्या ओठांवर फिरवला. काका फेसातून नुसते बघत राहिले.

तो थांबला. तिच्या मानेची शीर ताठ झाली, डोळे घट्ट मिटले, हनुवटी पुढं आली. आत काय चाललंय ते त्याला पाऊल न् पाऊल माहीत होतं. कुठं वाट बंद होते, कुठं श्वास मागं फिरतो, सगळं. सबंध जगात या एका रस्त्याचा तो जाणकार होता, आणि त्याच रस्त्यावर त्याला तिचं बोट धरता येत नव्हतं. ब्रशवरचा फेस त्याच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आला. त्यानं तो पुसला नाही.

"क... क... कधी येणार आई?"

कंगवा नाही, कात्री नाही. त्यानं मनात धरलेलं एकही नाही. आणि आता उत्तर त्याला द्यायचं होतं, सतरा दिवसांनी.

"चा... चा... चार वाजता."

टकळीचा चेहरा उजळला. ती वळून आरशाकडं न बघता सरळ त्याच्याकडं बघत होती.

"चा... चा... चार वाजता," ती म्हणाली.

अडीच वर्षांचं मूल ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणतं. तेवढंच असेल. किंवा तेवढंच नसेलही. तिनं त्याचं उचललं, की ते तिचंच होतं, हे ओळखायची कुठलीही खूण तिच्या तोंडावर नव्हती. ती खुशीत पाय हलवत होती. त्यानं काकांकडं पाहिलं. काकांना सगळ्यातलं सगळं माहीत असायचं. त्यांनी नजर खाली घातली.

"चा... चा... चार," टकळी पुन्हा म्हणाली.

तो ब्रश हातात धरून तिच्या ओठांकडं बघत उभा राहिला, पुढच्या शब्दासाठी.